चौथा पडाव

हसन तांडेल माणसं डोक्याला हात लावून मोजत. मुंबईची बोट रत्नागिरीच्या धक्क्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावांत, म्हणजे मोठ्या होड्यांत, बसवून तिथवर न्यावं लागे. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर पडावांचे म्होरके म्हणून तांडेल उभे असत. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर त्यांचा पंजा क्षणभर टेके आणि तोंडाने आकडा पुटपुटला जाई. एकदा एक सोवळ्या आजी करवादल्या, "शिवू नको रे मला, मेल्या!" तांडेलांनी हात काढला नाही. "आजी, दर्या सोवळं बघत नाय. तो सगल्यांना सारखाच शिवतो. बसा खाली." आजी बसल्या.

मी बोटीच्या एजंटच्या कचेरीत कारकून होते. वडील गेल्यावर मुंबईची कॉन्व्हेंट शाळा संपली आणि मी काकांकडे रत्नागिरीला आले. इंग्रजी कागद नीट लिहिते म्हणून एजंटसाहेबांनी ठेवून घेतलं. माझं मराठी पुस्तकी, लोक हसत. म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. बोटीच्या दिवशी सकाळी तांडेल माझ्या टेबलापाशी येत आणि कोणता खलाशी कोणत्या पडावावर ते सांगत. त्यांना वाचता येत नसे. मी लिहून घ्यायचं आणि परत वाचून दाखवायचं, मग ते धक्क्यावर जात.

"ही बाय बोलत नाय," ते खलाशांना सांगत, "साहेबाच्या शाळेत बोलायचे पैसे पडत असतील!" सगळे हसत. मी वहीत मान घालून बसे. पण राग येत नसे.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, एका घरातले दोघे ते कधीच एका पडावावर देत नसत. त्यांची स्वतःची मुलं, दाऊद आणि युसुफ, एक पहिल्यावर तर दुसरा तिसऱ्यावर. धीर करून मी कारण विचारलं.

"राजिवड्याला एक घर हाय, बाय," ते म्हणाले. "बाप नि तीन भाव एकाच होडीत गेले. तिथं आता नुसत्या बायका हायेत."

मे महिन्यातली शेवटची बोट होती. त्यानंतर पावसाळाभर बोट बंद. मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांनी धक्का भरला होता, शाळा उघडायच्या होत्या. इकडे निम्मे खलाशी आपापल्या होड्या वर ओढायला गावी निघून गेलेले. पहाटेपासून पाणी फुगलं होतं.

"तीनच पडाव सोडतो, साहेब," तांडेल म्हणाले. "उरलेले एसटीने जाऊ देत."

"तिकीट काढलेल्यांना मी काय तोंड दाखवू?" एजंटसाहेब म्हणाले. "चौथा सोड. नसेल जमत तर पुढच्या हंगामाला दुसरा तांडेल बघतो. खलाशीही त्याचेच येतील."

तांडेल माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तीन पडावांची नावं झाली. "चौथ्यावर सलीम, गणपत…" मग ते थांबले. "दाऊद." पुन्हा थांबले. "युसुफ."

माझा टाक कागदावर टेकून राहिला. तांडेल माझ्याकडे बघत होते. साहेब पलीकडच्याच टेबलाशी होते. माझ्या मनात वाक्य इंग्रजीत तयार झालं होतं. ते मराठीत होईपर्यंत माझा धीर संपला. मी युसुफचं नाव लिहिलं. सगळी यादी परत वाचूनही दाखवली.

उतारू सगळे सुखरूप बोटीवर चढले. रिकामा चौथा पडाव शिडीपासून वळत असताना लाट आली आणि तो बोटीच्या लोखंडावर आपटला. युसुफ मधल्या फटीत पडला. त्याच्यामागे दाऊदने उडी टाकली. सलीम आणि गणपतला वर ओढलं. दाऊदचं प्रेत दुसऱ्या दिवशी मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. युसुफ सापडलाच नाही.

आठवड्याने चौकशीला अधिकारी आले. त्यांना जबाब इंग्रजीत हवा होता, तो मी लिहायचा होता. तांडेल म्हणाले, "चौथा पडाव मी सोडला. पोरांची नावं मीच दिली. चूक माझी."

मी ते लिहिलं आणि खाली माझ्या मनाने एक ओळ घातली: तांडेल तीनच पडाव सोडणार होते, चौथा एजंटच्या हुकमाने सोडला. नंतर जबाब मराठीत वाचून दाखवताना त्या ओळीशी त्यांनी हात वर केला.

"ह्ये मी बोललो नाय."

"पण चाचा, खरं आहे ना?"

"खरं हाय. काढ ते. राजिवड्याची वीस घरं ह्या धक्क्यावर जेवतात."

साहेब वर्तमानपत्र वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं. मी ओळ खोडली. तांडेलांनी अंगठा उठवला.

त्यानंतर ते मंडणगडला मुलीकडे राहायला गेले आणि परत आले नाहीत. जाण्यापूर्वी कचेरीत सगळ्यांचा निरोप घेऊन ते बाहेर पडले, तेव्हा मी त्यांच्यामागे धावत गेले. मला माफी मागायची होती. "चाचा, त्या सकाळी मी…" एवढंच बोलता आलं.

"तू थांबलीस ते मी बघितलं, बाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना. "मीपण थांबलेला होतो. मला कोणीतरी नको म्हणायला पायजे होतं. माझं मला म्हणवत नव्हतं."