होडीवरचा झ

आग्नेल माणूस चांगला आहे, हीच त्याच्याबाबतीतली मोठी अडचण आहे. तो लबाड असता, दारूडा असता, निदान गिऱ्हाइकाला फसवणारा असता, तर त्याच्यावर जळताना मला जरा समाधान तरी मिळालं असतं. पण तसं काही नाही. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जातो, वाटेत भेटेल त्याच्याशी तोंडभर हसतो आणि नाताळात आमच्या घरी नारळाच्या रसातला गोड दोदोल पाठवतो. माझी बायको सत्यवती तो मिटक्या मारत खाते. मीही खातो. चांगला लागतो, आणि त्याचाही राग येतो.

आम्ही दोघं होड्यांवर नावं लिहिणारे पेंटर. मी दाजी, तोंडवलीचा, आणि तो आचऱ्याचा. दोघेही धोंडू पेंटरचे चेले. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली, पण मालवणच्या बंदरात कुणाही जुन्या माणसाजवळ त्याचं नाव काढा, तो हातातलं काम ठेवून बोलत बसेल. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली ठेवतात, तेव्हा आमच्या कामाला तोंड लागायचं. नारळी पौर्णिमेच्या आत प्रत्येकाला आपल्या होडीचं नाव नवं करून हवं असायचं. धोंडूने लिहिलेलं नाव होडी लाटांवर हलत असतानाही किनाऱ्यावरून वाचता यायचं. जाड, पोट भरलेली अक्षरं, कुठेही घाई नाही.

त्याच्या मांगरात, म्हणजे कामाच्या खोपीत, एक रीत होती. होडी कुणीही रंगवलेली असो, खाली कोपऱ्यात ‘धोंडू पेंटर’ एवढंच लिहायचं. चेल्याने स्वतःचं नाव घालायचं नाही. “हात माझ्याकडसून शिकलास, मगे नाव कोणाचा घालतलंस?” असं म्हातारा विचारायचा. आग्नेलला ते कधी खटकलं नाही. मला प्रत्येक होडीला खटकायचं, पण गुरूपुढे तोंड उघडायची टाप नव्हती. मी गप्प बसून त्याचं नाव लिहायचो.

पुढे आग्नेल गोव्याला हॉटेलांचे बोर्ड रंगवायला गेला. मी इथेच राहिलो, आणि म्हाताऱ्याचा खरा वारस मीच असं धरून चाललो. मग फ्लेक्स आला. एका दिवसात छापून मिळणारे बॅनर आले आणि ब्रशवाल्यांना कुणी विचारेना. आग्नेल परत आला. मी एक कॉम्प्युटर घेऊन मालवणात बॅनर आणि पत्रिकांचं छोटं दुकान टाकलं. माझ्या कॉम्प्युटरातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर एका ओळखीच्याने पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं आहे. त्याचा परवाना कुठे आहे, ते कृपा करून विचारू नका. आग्नेल मात्र येईल तेव्हा विचारायचा.

“चोरयेचा कित्याक वापरतंस रे? फुकट देणारे लोक आसत, त्यांचा घे ना.”

“फुकटचा बरा नसता,” मी म्हणायचो.

त्याची मुलगी रॉविना पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिने आपला जुना लॅपटॉप बापाला दिला. आणि हा बाबा काय करू लागला, तर आचऱ्यापासून मालवणपर्यंत किनाऱ्यावर जितक्या जुन्या, मोडलेल्या होड्या पडल्या होत्या, त्यांचे फोटो काढत फिरू लागला. जिथे कोपऱ्यात धोंडूचं नाव असेल तिथे गुडघ्यावर बसून एकेक अक्षर टिपायचा. लोक म्हणाले, आग्नेलाचं डोकं फिरलं. मीही म्हणालो, जरा मोठ्यानेच.

डोकं फिरलेलं नव्हतं. त्याने त्या अक्षरांचा फॉन्ट बनवला. म्हणजे कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर टाइप केलं की धोंडूची अक्षरं उमटतात. फॉन्टचं नावही ‘धोंडू’. आणि तो त्याने इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा सोडला. नुसता फुकट नव्हे, आतली सगळी रेखाटनं उघडी ठेवून. कुणीही घ्यावा, बदलावा, धंद्याला वापरावा. अट एवढीच, की मूळ कुणाचं ते सांगायचं आणि बदललेला फॉन्ट कुलपात घालायचा नाही, तोही असाच मोकळा ठेवायचा.

मी तडक आचऱ्याला गेलो. तो पडवीत बसून फणसाचे गरे खात होता.

“आग्नेल, तू येडो काय रे? कॉपीराइट घे त्येचो. बॅनरवाले फुकट वापरतले आणि तू बघीत बसतलंस?”

“दाजी, रापणीची दोरी ओढूक कोण पण येता ना?” तो म्हणाला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. “ज्येचो हात लागलो, त्येका वाटो गावता. खंयचो, कोणाचो, कोण इचारता? ह्या तसाच आसा. कोणाक तरी बदल सुचात, तो करीत, सगळ्यांका गावात.”

“जाळा सगळ्यांचा आसात. होडयेर नाव एकाचाच आसता.”

“म्हणान तर धोंडूबाबाचा नाव घातलंय,” असं म्हणून त्याने माझ्यापुढे गरे सरकवले.

मी कॉपीराइटवर एवढा तावातावाने बोललो, ते काही म्हाताऱ्याच्या हक्कासाठी नव्हे. फॉन्ट मी केला असता तर मी तो कुलपात घातला असता आणि किल्ली कमरेला लावली असती. माझा खरा राग एवढाच होता, की हे मला सुचलं नाही. कॉम्प्युटर माझ्याकडे आधी होता. म्हाताऱ्याजवळ शेवटपर्यंत मी होतो. आणि अक्षरं घेऊन गेला तो, आणि वर वाटत सुटला.

बघता बघता तो फॉन्ट सगळीकडे दिसू लागला. होमस्टेच्या पाट्या, सोलकढीच्या बाटल्या, टीशर्ट, लग्नाच्या पत्रिका. माझ्याच दुकानात येऊन लोक म्हणायचे, “दाजीनू, त्या धोंडू अक्षरात करा हां.” मी निमूट करून द्यायचो. पेपरात आग्नेलचा फोटो आला. मोडक्या होडीवर हात ठेवून उभा, आणि खाली ‘धोंडू पेंटर यांचे शिष्य’. एक शिष्य असंही नाही, नुसतं शिष्य. तो पेपर सत्यवतीने कपाटात जपून ठेवला. मी तो काढून त्यावर ब्रश पुसले.

मग एके दिवशी मालवणच्या बाजारात एका हॉटेलाचा नवा बोर्ड दिसला. ‘झणझणीत मालवणी थाळी’. मोटरसायकल मी रस्त्यातच थांबवली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, पण मला तिथून हलवेना. तो झ धोंडूचा नव्हता. तो माझा होता.

आग्नेल गोव्यात असताना आचऱ्याची ‘झुंजार’ नावाची होडी आमच्याकडे आली होती. म्हातारा तापाने पडलेला. नाव मी एकट्याने लिहिलं. झची शेपटी खाली ओढत होतो, तर नेमकं फळीच्या जोडावर एका खिळ्याचं डोकं वर आलेलं. ब्रश त्यावरून गेला असता तर रेघ फाटली असती. म्हणून मी शेपटी तिथेच वर वळवली. रीतीप्रमाणे कोपऱ्यात ‘धोंडू पेंटर’ लिहिलं. ताप उतरल्यावर म्हातारा काठी टेकत आला, होडीपुढे बराच वेळ उभा राहिला आणि काही न बोलता परत गेला. त्याला आवडलं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. पण झ असलेली धोंडूची दुसरी होडी साऱ्या किनाऱ्यावर उरली नसणार. आग्नेलने खालचं नाव वाचलं आणि माझा झ म्हाताऱ्याचा म्हणून घेतला.

त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. म्हाताऱ्याचा हात आपल्याला ओळखता येतो अशी शेखी मिरवणारा आग्नेल फसला होता. माझा हात आणि धोंडूचा हात त्याला वेगळे काढता आले नाहीत! काही दिवस मी बाजारातून उगाच चकरा मारत होतो. झुणका, झटपट, माझं, तुझं, जिथे दिसेल तिथे वर वळलेली शेपटी बघायचो. मग हळूहळू तोंडाची चव गेली. लोक त्या बोर्डाकडे बघून म्हणायचे, काय झ काढायचा हो धोंडू!

शेवटी सत्यवतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“मगे जावन आग्नेलाक सांगा,” ती म्हणाली. “तो तुमचा नाव घालीत. तुमका ताच व्हया ना?”

तेच हवं होतं. मी गेलो. आग्नेलने लॅपटॉपवर ‘झुंजार’चा फोटो उघडला. मी त्याला खिळ्याचं डोकं दाखवलं. तो स्क्रीनजवळ नाक नेऊन बघत राहिला, आणि मग त्याने मला मिठीच मारली.

“दाजी! माका कळूक नाय रे! मी धोंडूबाबाचोच समजलंय! हात तुझो, आणि माका कळूक नाय!”

हे वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो. ते ऐकून उठायला हवं होतं आणि सरळ घरी यायला हवं होतं. पण आग्नेल पुढे बोलू लागला.

“आता तुझा नाव घालतंय मी. ‘झ, दाजी, तोंडवली.’ फक्त तू एकदा सांग, की ह्यो झ मी सगळ्यांका दिलंय म्हणान. अक्षर तुझा आसा. तुझ्या सांगण्याशिवाय माका ता ठेवूक येवचा नाय.”

आणि मला डोळ्यांपुढे ते दिसलं. वर धोंडूचं नाव, मग आग्नेलचं, आणि तळाला एका झपुरता मी. लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारं पोर असतं ना, तसा. अख्खी मुळाक्षरं त्याच्या नावावर आणि मला एक अक्षर, तेही त्याने बोलावून दिलेलं. वर पुन्हा देणारा मीच म्हणायचं!

“मी दिवचंय नाय,” मी म्हटलं. “कॉपीराइट माझो. माझो झ काढ तुझ्या फॉन्टातसून.”

त्याचा चेहरा उतरला. पण वाद घातला तर तो आग्नेल कसला!

“बरा. काढतंय. पण आधी जे घेवन गेले, त्यांच्याकडसून परत मागूक येवचा नाय. एकदा दिला ता दिला. दाजी, परत एकदा इचार कर रे.”

“केलंय इचार.”

त्याने झ काढला. फॉन्टची नवी आवृत्ती आली, तीत त्याने स्वतः काढलेला झ होता. सोबत प्रामाणिकपणे लिहिलंही होतं, की धोंडूंचा झ मिळाला नाही, म्हणून हा आग्नेलने काढला आहे. माझं नाव कुठेही नव्हतं. मीच तसं मागितलं होतं. आमच्याकडच्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात फ्लेक्स फार टिकत नाही. जुने बॅनर पांढरे पडून उतरत गेले आणि नवे आग्नेलचा झ घेऊन चढले. हॉटेलवाल्यानेही ‘झणझणीत’ नव्याने छापून आणलं. माझ्या देखत माझा झ एकेक करून बाजारातून गेला, आणि मला कुणाशी भांडताही येईना.

यंदा पाऊस ओसरताना तोंडवलीची तेजस्वी माझ्याकडे आली. तिने पर्यटकांना समुद्रात फिरवण्यासाठी फायबरची नवी होडी घेतली आहे. नाव ‘झुळूक’.

“स्टिकर नको, काकानू. हातान लिवलेला व्हया. धोंडूसारख्या अक्षरात.”

कितीतरी दिवसांनी कुणी ब्रशचं काम मागितलं होतं. मी खुशीत म्हटलं, “लिवतंय गो. आणि झ तुका खास काढून देतंय. वर वळलेल्या शेपटेचो.”

“तो जुनो?” तिने नाक मुरडलं आणि मोबाइल पुढे केला. “तो नको. तो खंयतरी अडखळल्यासारखो दिसता. ह्यो बघा, असो व्हयो.”

मोबाइलवर आग्नेलचा झ होता.

फायबरच्या होडीला खिळे नसतात. मी ब्रश भिजवला आणि आग्नेलचा झ काढायला घेतला. शेपटी वरून सुटली ती कुठेही न थांबता खाली उतरत गेली, आणि हात चालत असतानाच मला कळलं, की धोंडूने झ काढला असता तर तो असाच काढला असता. म्हातारा ‘झुंजार’पुढे बराच वेळ गप्प का उभा होता, तेही तेव्हाच कळलं. अडखळलेल्या झखाली नाव त्याचं होतं. मी ळूक पुरं केलं. म्हातारा गेल्यापासून मी कोपरा रिकामाच ठेवत आलो होतो. तिथे, आयुष्यात पहिल्यांदा, ‘दाजी पेंटर’ असं लिहिलं.

रंग वाळायच्या आधीच आग्नेल हजर. कुणीतरी त्याला सांगितलंच असणार. होडीभोवती फिरला, लांब जाऊन बघून आला, कोपऱ्यातलं माझं नाव वाचून खूश झाला. मग त्याचं बोट झवर गेलं.

“आवय गे,” तो म्हणाला, “ह्यो झ कसो काढलंस रे? माझ्या झपेक्षा बरो इलो. फोटो काढून घेव? फॉन्टात ह्योच घालूया. तुझ्या नावान.”

त्याच्या चेहऱ्यावर टिंगल नव्हती. मनापासून म्हणत होता. ब्रश अजून माझ्या हातात होता, आणि तो उचलून त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर मारावा असं मला इतकं वाटलं, की मी हात पाठीमागे धरला.