चादरीमागचे दोन डबे

भंगारवाला दर महिन्याला येऊन दुकानातलं जुनं सामान नेतो. किस्से कुणी नेत नाही, ते माझ्याकडंच साठतात. सोलापुरात सात रस्त्याजवळ अण्णांचं रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. मी तिथं ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करते, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालते. शिक्षण चौथी. रविवारी सकाळी तिथं कानवेड्या माणसांचा अड्डा भरायचा. सर आता पुण्याला लेकीकडं असतात, रफीकभाईंचे गुडघे गेले. रविवार सुना जातो. म्हणून लिहितेय.

*

मंद्रूपहून पहिल्यांदा कामाला आले, तेव्हा अण्णांनी दोन रेडिओ लावले.

"कुटला घुरघुरतोय सांग."

"दोन्ही," मी म्हटलं. "आणि तुमचा पंखा पण."

अण्णा हसले नाहीत. पंखा बंद करून परत ऐकलं. "उद्यापास्नं ये," म्हणाले. माझ्या आधी आलेल्या तीन शिकलेल्यांनी एकच रेडिओ सांगितला होता.

*

सर म्हणजे कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. त्यांना डब्यांचा नाद. डबे दोन जातीचे. एक डॅक. मोबाइलमधलं गाणं आकड्यांत असतं, ते आकडे परत आवाजात आणणारा. दुसरा हेडफोनचा ॲम्प, त्या आवाजाला जोर देणारा. रफीकभाईंनी जन्मभर लग्नात स्पीकर लावलेले. त्यांना हे पटेना.

"आकड्यां का गाना बनता? फिर मेरा लाइट बिल बी गाता होइंगा."

सर कळवळून समजवायला लागले. "तसं नसतं हो रफीकभाई."

"मालूम है सर. बिल रोता, गाता नै."

*

नवीन डबा आला की जुन्याशी झुंज लावायची. त्याची आमची रीत होती. दोन्ही डब्यांवर सोलापुरी चादर. ऐकणाऱ्याने हेडफोन घालून समोर बसायचं. चादरीखाली हात घालून पिन या डब्यातून काढायची, त्यात लावायची, हे माझं काम. कारण मला कुठला डबा कितीचा, कुणाचा, काही देणंघेणं नव्हतं. त्याआधी मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा करायचा. नाहीतर मोठा वाजतो तोच गोड वाटतो.

अण्णा सोडून सगळे मला आक्का म्हणायचे. एकदा सर घाईत होते. "आक्का, मीटर राहू दे, नुसतं ऐकू या." नवा डबा पहिल्या फटक्यात जिंकला. सर फुलून गेले. मी मीटर लावला, नव्याचा आवाज कमी केला, परत ऐकवलं. या वेळी सरांनी स्वतःच जुन्याला मत दिलं.

"असं कसं झालं?"

"तुमच्या वर्गात ओरडणाऱ्या पोराला तुम्ही पहिला नंबर देत होता का?" मी विचारलं.

त्यानंतर माझ्या हातावर कुणी शंका घेतली नाही. आक्कानं चादर उचलली की निकाल लागला.

*

सरांचा एक ॲम्प दुकानात आणला की करकर करायचा, घरी गप्प. मागच्या गल्लीत यंत्रमागाचं शेड आहे, त्याचा खडखडाट आम्हाला सवयीचा. सरांनी डबा खोलला. स्क्रू, तारा, सगळं टेबलावर. अण्णा शांत बसून शेंगा खात होते.

"जेवणाची सुट्टी होऊ दे," एवढंच म्हणाले.

सुट्टी झाली, माग थांबले, करकर गेली. मागांमुळं विजेच्या लाइनीतनं येत होती.

"अण्णा, आधी का नाही सांगितलंत?"

"स्क्रू काढताना तुमी लई खुशीत होता की."

*

हा किस्सा हसायचा नाही.

एका गिऱ्हाइकाचा जुना टीव्ही आला होता. लावला की बारीक शिट्टी, दाताला झोंबणारी. मी दोन्ही कान झाकले. अण्णा शेजारी बसून खुशाल तारेला सोल्डरचा डाग देत होते.

"काय झालं गं?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

अण्णांचा मुलगा बसू हैदराबादला नोकरीला. बाप-लेक कन्नड बोलतात. फोनवर तो दर वेळी म्हणायचा, "अप्पा, साकु." पुरे झालं आता. अण्णांचं एकच उत्तर. "दोन डब्यांतला फरक कळायचा बंद झाला, की त्या दिवशी दुकान तुझ्या हवाली. मी गुमान येतो तिकडं."

टीव्हीचं मी कुणाला बोलले नाही.

*

आता शेवटचा. बसू आला होता, रविवारीच. सरांनी दोन ॲम्प आणलेले. एक महागाचा, एक साधा. बसू म्हणाला, "अप्पा, आज तुम्ही ऐका." सगळ्यांना कळलं, हे कशाबद्दल चाललंय. रफीकभाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

मी मीटर लावला. चादर टाकली. अण्णांनी हेडफोन घातले, डोळे मिटले. पहिला डबा ऐकला. मी चादरीखाली हात घातला. दुसरा ऐकला. गाणं संपेपर्यंत ऐकला.

हेडफोन काढून अण्णा म्हणाले, "दोन्ही एकच वाटले मला."

सर जमिनीकडं बघत राहिले. बसू बापाच्या खांद्यावर हात ठेवायला उठला.

"बसा," मी म्हटलं. "चादर उचलल्याशिवाय निकाल नसतो हितं."

चादरीखाली हात घालून मी ती वर ओढली. पिन पहिल्याच डब्यात होती.

"बदलायची राहिली माझ्याकडनं," मी म्हटलं. "अण्णांनी एकच डबा दोनदा ऐकला."

"तौबा," रफीकभाई म्हणाले, आणि अण्णांना मिठीच मारली. सर टाळ्या वाजवत सुटले. बसूनं माझ्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला.

सगळे गेल्यावर मी वाइंडिंगला बसले. अण्णा बराच वेळ चादरीची घडी घालत होते.

"सुमन, दुसऱ्या टायमाला ऐकायच्या आधी हेडफोनात पिन काढल्याचा खट्ट आवाज आला होता की गं मला."

"बोलू नका अण्णा," मी म्हटलं. "वेढे चुकतील माझे."