आपली का त्यांची?

आम्ही तिघं निवृत्त फौजी. रोज सकाळी जुन्नरच्या एसटी स्टँडसमोर चहाला भेटतो. चहा दहा मिनिटांत संपतो, किस्से मात्र वाढतच चाललेत! मी फौजेत हवालदार इन्स्ट्रक्टर होतो. समोरचा रणगाडा, ट्रक, चिलखती गाडी आपली का शत्रूची, हे जवानांना बघताक्षणी ओळखायला शिकवायचं, हे माझं काम. चुकलं तर आपलाच गोळा आपल्याच माणसांवर!

*

सुट्टीवर आलो की जुन्नरच्या बाजारातून खेळण्यातले रणगाडे घ्यायचो. वर्गात दाखवायला बरे पडायचे. एकदा दुकानातले होते नव्हते ते सगळे उचलले.

शेटजी चक्रावले. "एवढे? पोरं किती तुम्हाला?"

"चाळीस! सगळी मिशीवाली!"

*

आमच्यातला दुसरा येडगावचा संदीप. तो माझ्याच वर्गात शिकला. पहिल्या दिवशी मी पडद्यावर तीन सेकंद चित्र दाखवलं आणि विचारलं, "काय होतं?"

सगळे माना खाली घालून वहीत बघायला लागले. शेवटी संदीप उठला. "सर, ट्रॅक्टर नव्हता, एवढं नक्की!"

सगळे फिदीफिदी हसले. मी म्हणालो, "हसू नका. चाळिसात यानं एकट्यानंच तोंड उघडलंय." कोर्स संपला तेव्हा पहिला नंबर त्याचाच!

*

आमच्यातला तिसरा महाळुंगे पडवळचा दत्तू. परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्यांदा आपटला असता तर प्रमोशन गेलंच. माझ्यासमोर रडकुंडीला आला. "सर, मला सगळ्या गाड्या सारख्याच दिसत्यात."

मी विचारलं, "गावाकडं टोमॅटोच्या पिकअप जातात. कुठली कुणाची, ते कळतं?"

"न कळायला काय झालं! अण्णांची मागनं बसल्याली, बाळूची डावीकडं झुकती."

"मग इथंही नाव घोकू नकोस. ठेवण बघ."

तिसऱ्या परीक्षेत गड्याची एकही चूक नाय!

*

मग आला युद्धाचा सराव. धुळीतून एक ट्रक आमच्याकडं येत होता, अंगभर फांद्या बांधलेला. सगळे ओरडले, "शत्रू!" बंदुका रोखल्या गेल्या. दत्तू एकटाच म्हणाला, "थांबा! आपली हाय."

साहेब कडाडले, "चुकलास तर सगळी तुकडी बाद!"

दत्तूनं गाडीवरची नजर हलवली नाही. "आपलीच हाय, साहेब. फांद्यांआडनं ठेवण दिसतीया."

गाडी जवळ आली. आमच्याच लंगरची निघाली, गरम जेवण घेऊन! त्या दिवशी पहिलं ताट दत्तूला मिळालं. साहेबांनी स्वतःच्या हातानं वाढलं.

*

पण सगळ्यात भारी किस्सा वैशालीवहिनींचा. वहिनी म्हणजे दत्तूची बायको. तिसऱ्या परीक्षेआधी दत्तू चित्रांची कार्डं घेऊन सुट्टीवर गेला होता. महिनाभर वहिनी एकेक कार्ड समोर धरायच्या आणि हा ओळखायचा.

पुढं दत्तू स्वतः इन्स्ट्रक्टर झाला. एकदा ट्रेनिंग सेंटरवर जवानांच्या कुटुंबांना बोलावलं होतं. मोठे साहेब पडद्यावर रणगाडा दाखवून म्हणाले, "यात एक चूक आहे. कोण सांगेल?"

जवानांनी डोकी खाजवली. आम्ही इन्स्ट्रक्टरांनीही! दत्तू तर माझ्याकडं बघायला लागला.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "साहेब, चित्र उलटं लावलंय. याचं धुराडं डाव्या अंगाला असतंय, हितं उजवीकडं आलंय!"

साहेब खुर्चीतून उठलेच. "बरोबर! ताई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

वहिनींनी पदर सावरला. "मला कुणी कशाला शिकवंल? मीच यान्ला पास केलंय!"