चार बोटं अंतर

यशवंतराव गेल्याची बातमी मला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली, ती अशी : "प्लंबर यशवंता वारला. दुसऱ्या कुणाचा नंबर आहे का?" खाली हात जोडणारे चार आणि नंबर पाठवणारे सहा... मी फोन उलटा ठेवला. चहा तसाच गार झाला. याला आता सहा आठवडे होतील. राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

तसा मीही कितीतरी वर्षं त्यांना "ए यशवंता" अशीच हाक मारत होतो. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीमागच्या वस्तीत राहणारे. मी बँकेतून निवृत्त झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी आणि गुलाबांचा शौकीन. गुलाबांसाठी मी बागेत ड्रमभर शेणाचं पाणी कुजवायचो. नळाला जोडलेला प्लास्टिकचा पाइप कायम त्या ड्रमात बुडालेला असायचा, कारण वर धरला की पाणी उडायचं आणि बायको ओरडायची. एका उन्हाळ्यात सकाळी नळाला पिवळं, वास मारणारं पाणी आलं. आम्ही ते ओतून दिलं, फिल्टर होताच. मागच्या वस्तीत फिल्टर नव्हते. दोन दिवसांत तिथे घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले आणि यशवंतरावांच्या चार वर्षांच्या नातीला, सायलीला, दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. मी महापालिकेला खरमरीत पत्र लिहिलं. त्यात 'अक्षम्य हलगर्जीपणा' दोनदा होता. तिसऱ्या दिवशी यशवंतराव आले. वस्तीपासून एकेक जोड तपासत ते माझ्या गुलाबांपाशी येऊन थांबले.

"पत्र कुणाच्या नावानं लिव्हलंय, साहेब?" त्यांनी विचारलं. "ह्ये शेण तर तुमचंच हाय."

मला पटेना. नळातून पाणी बाहेर येतं, आत कसं जाईल? त्यांनी शांतपणे समजावलं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते. त्यात कुणी मोटर लावून ओढलं, की ती समोर असेल ते उलटं खेचून घेते. तुमचा नळ उघडा आणि पाइप ड्रमात, म्हणून तिनं ड्रम खेचला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर तेच पुढे वस्तीत गेलं. एवढं बोलून त्यांनी पिशवीतून करवत काढली आणि ड्रमच्या काठावर चार बोटं आडवी धरून, त्यांच्या वर पाइप कापून टाकला. ज्याची नात दवाखान्यात होती, तो माणूस माझ्या ड्रमावर माप घेत होता... मी माफी मागितली. "माझी नगं," ते म्हणाले. "वस्तीत चला." गेलो. दहा दारांत उभा राहिलो. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून माझ्या तोंडून त्यांचं नाव 'राव' लावल्याशिवाय निघालं नाही.

पुढे सायली बरी झाली आणि ते चहाला थांबू लागले. एकदा कप खाली ठेवत म्हणाले, "आमच्या आज्याला गावात पाणी वरनं वाढायचे. भांड्याला भांडं लागलं तर बाटायचं त्यांचं... जितं अंतर नगं हुतं, तितं पिढ्यान् पिढ्या ठेवलं. आन् नळात नि बादलीत चार बोटं ठेवा म्हनलं, तर एकाला जमत न्हाई." माझ्या आजोळी तसंच वाढत असत. मी ते पाहिलेलं आहे.

मग सोसायटीला थेट लाइनवर मोटर बसवायची हुक्की आली. यशवंतरावांनी काम नाकारलं; दुसऱ्यानं बसवून दिली. तेव्हा ते न बोलावता वार्षिक सभेत आले. "ही सभासदांची सभा आहे," अध्यक्ष म्हणाले. "व्हय, पानी मातर सगळ्यांचं हाय," म्हणत त्यांनी टेबलावर गुलालाच्या पाण्याचा ग्लास ठेवला, त्यात नळी बुडवली आणि होळीच्या पिचकारीनं ओढलं. लाल पाणी सरसर वर चढलं. मग नळी चार बोटं वर धरून पुन्हा ओढलं. नुसती हवा आली. "मोटर ज्याला पायजे, त्यानं आधी ह्यो ग्लास प्यावा." कुणी प्यायलं नाही. मोटर निघाली.

ते गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात विषय पुन्हा निघाला. "आता अडवणारं आहे कोण?" अध्यक्ष हसत म्हणाले. सायली आता कॉलेजात आहे. तिला हे कळताच ती आजोबांची करवत कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "तुमच्याकडे असू दे." गेल्या रविवारी नवा प्लंबर मोटर बसवायला आला, तेव्हा मी लाइन आत येते त्या चेंबरच्या झाकणावर खुर्ची टाकून बसलो होतो. मांडीवर करवत.

"काका, किती दिवस बसणार असे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही लावा. मी कापीन. परत लावा, परत कापीन. पेन्शनर माणूस, मला दुसरा उद्योग काय आहे?"

प्लंबरनं पिशवी उचलली आणि तो चालता झाला. पुन्हा येईल, मला ठाऊक आहे. सकाळी नळाखाली बादली ठेवताना मी अजून चार बोटं आडवी धरतो. करवत दाराच्या आत, चपलांच्या वर खिळ्याला टांगली आहे. अध्यक्ष समोरच राहतात. त्यांना येता-जाता दिसावी म्हणून मी दार हल्ली उघडंच ठेवतो.