धाकटीचा डोळा

परमेश्वराने म्हातारपण निर्माण करताना घोडेगावच्या माझ्या आत्याला विचारलं नाही, ही त्याची मोठीच चूक झाली. कारण तिने ते शेवटपर्यंत मंजूर केलं नाही. साठी उलटली तरी ती ताठ चालायची, आणि तेही नऊवारीखाली कॅनव्हासचे पुरुषी बूट घालून. अनवाणी चाललं की पायांतून जंत शिरतात, हे तिने भज्यांच्या पुडीच्या कागदावर वाचलं होतं. गावाचं हसू सोसून तिच्या हट्टी वडिलांनी तिला सातवीपर्यंत शिकवलं होतं, आणि त्या सातवीच्या जोरावर ती भज्यांचा कागद, औषधाची बाटली, चावडीवरची नोटीस, काही म्हणजे काही सोडत नसे. डॉक्टरांनी गोळी दिली की ‘ही कशाची, आनि न्हाई घेतली तर काय व्हईल?’ हे ठरलेलं. ती लांबून येताना दिसली की डॉक्टर चहाला निघून जात. ‘वय झालं, आता दुखायचंच’ असं कुणी म्हणालं, की मात्र तिचं डोकं फिरे. एकदा भर बैलबाजारात, बैलाचे दात तपासणाऱ्या एका शेतकऱ्याला तिने हटकलं, “बैलाचं बघतूस, बायकूचं कवा बघितलंस? निम्मं पडल्यात तिचं!” त्या गड्याने गडबडून बैलच घेतला नाही.

तिचं खरं भांडण जुंपलं ते धाकट्या जावेवरून. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली. जाऊ तिच्याहून बरीच लहान. दोघी एकाच चुलीपुढे, एकाच रानात राबलेल्या; पण धाकटीने शाळेचं दार कधी पाहिलं नव्हतं. पन्नाशीतच तिला सगळं धुरकट दिसू लागलं. आत्या ओरडेल म्हणून तिने ते लपवलं, आणि एका बुवाकडून गुपचूप डोळ्यांत पाला पिळून घेत राहिली. एके सकाळी चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि बिंग फुटलं. आत्याने बुवाला वेशीपर्यंत पिटाळलं. दीर म्हणाले, “वयनी, नशिबात हाय ते हाय. या वयात कशाला कापाकापी?”

“नशीब न्हाई ते!” आत्या कडाडली. “हिच्या बापानं हिला शाळंत घातलं न्हाई, तवाच निम्मी नजर गेली हिची. उरलेली मी जाऊ देनार न्हाई.”

दुसऱ्याच दिवशी दोघी एस.टी.ने नगरला माझ्या बिऱ्हाडी हजर. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा डोळा त्या पाल्याने कायमचा गेला. डाव्यातला मोतीबिंदू काढता येईल. आत्याने विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी नीट उत्तरं दिली. मग मात्र ती बाहेरच्या बाकावर येऊन गप्प बसली. आत्याला गप्प बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. “माझ्या घरात,” ती म्हणाली, “माझ्या नाकासमोर.”

ऑपरेशनच्या सकाळी धाकटीने आत्याचा पदर ओढला. “अक्का, मी मेले तर वो?”

“मेलीस तर चहात मीठ कोन घालंल? गप पड.”

असं म्हणत तिने धाकटीचा हात असा घट्ट धरला, की नर्सला तो सोडवून घ्यावा लागला.

डोळा वाचला. काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा आला, तो घ्यायला दोघी पुन्हा नगरला आल्या. धाकटीने तो माझ्या ओसरीवर बसून घातला. आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग अंगणातली तुळस, मग मला. शेवटी ती आत्याकडे वळली आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली.

“अक्का,” ती हळूच म्हणाली, “तुमी एवढ्या म्हाताऱ्या कवा झाल्या वो?”

आता स्फोट होणार, असं मला वाटलं. आत्याने पांढऱ्या केसांवरून पदर सारखा केला आणि धाकटीच्या नाकावर घसरलेला चष्मा बोटाने वर सरकवला.

“तू बघत नव्हतीस,” ती म्हणाली, “तवा.”