दारातली पितळी नावं

एखाद्याच्या नावावर आपला पाय पडला, तर माफी कोणाकडे मागायची?

युरोपच्या सहलीत प्रागहून आगगाडीने आम्ही नवराबायको बर्लिनला कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, प्रियाकडे, गेलो. तिच्या दारासमोरच्या फरसबंदीत पितळेच्या छोट्या पाट्या बसवल्या आहेत. त्या घरातून ज्या ज्यू कुटुंबाला नाझींनी ओढून नेऊन मारलं, त्यांची नावं त्यांवर कोरली आहेत. माझा पाय एका पाटीवर पडला. सवयीने मी वाकून तिला हात लावला आणि कपाळाशी नेला.

"अगं, इथे रोज सगळ्यांचेच पाय पडतात," प्रिया म्हणाली.

"माझ्या आईसमोरसुद्धा ही इतकी वाकत नाही," नवरा म्हणाला.

मला हसू आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावाबाहेरची पारध्यांची पालं गावातल्याच लोकांनी जाळली आणि त्यांना हाकलून लावलं. आम्ही काही जणांनी निषेधाची पत्रकं वाटली, मोर्चा काढला. माणसं परतली नाहीत. त्यांतल्या एकाच बाईचं नाव मला ठाऊक आहे, सुरमी. ती कुठे गेली, जिवंत आहे का, कोणीच सांगत नाही. पालांच्या जागी आता पोरं कबड्डी खेळतात.

तुमच्या गावातून कोणाला हाकललं असेल, तर त्यांची नावं आजच विचारून घ्या. ती ठाऊक असणारी माणसं अजून आहेत.