ड्रायसूटला खोबरेल तेल

रबराला खोबरेल तेल लावू नये, एवढी साधी गोष्ट मला एकसष्टाव्या वर्षी ठाऊक नव्हती. आता सत्तरी जवळ आल्यावर त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझीच, आठवण झाली की मला हसू येतं. स्वतःला फार हुशार समजायची.

नवरा गेल्यावर दुपार खायला उठायची. मी पनवेलला, मुलगा खारघरला, म्हणजे हाकेवर; पण यायचा कधीतरी रविवारी, आणि आला तरी गाडीची किल्ली हातात धरूनच बसायचा. मुलगी नॉर्वेत. मग ही बाई पोहायला जाऊ लागली, पुढे मालवणला जाऊन डायव्हिंगही शिकून आली. हौस वगैरे काही नाही. मुलगी तिकडे डायव्हिंग करायची. तिची नोकरी मला कळत नव्हती, मित्रमंडळी माहीत नव्हती. निदान पाण्याखाली तरी तिच्या शेजारी असू, एवढीच आशा.

डिसेंबरात ती पनवेलला आली ती स्वतःचे दोन जुने सूट घेऊनच.

"आई, उन्हाळ्यात ये. पण आमचं पाणी उन्हाळ्यातही फ्रिजमधल्या बाटलीसारखं असतं. दोन्ही घालून बघ आणि काय ते ठरव."

वेटसूट म्हणजे जाड, स्पंजासारखं रबर. त्यात पाणी शिरतं, अंगाला चिकटून राहतं आणि आपल्याच उबेनं कोमट होतं. ड्रायसूटमध्ये पाणी शिरतच नाही. आत लोकरीचे कपडे घालायचे. गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्ट्या.

"तुझ्या वयात वेटसूट घातलास तर थोड्या वेळात कुडकुडत वर येशील," ती म्हणाली. "ड्रायसूटमध्ये माझ्याबरोबर राहशील." आणि विमानात बसून गेली.

वेटसूट घालताना घाम फुटला, पण जमलं. त्याच्या चेनला लांब दोरी असते, ती मागून ओढली की झालं. ड्रायसूटची चेन मात्र पाठीवर आडवी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती आपली आपल्याला लागतच नाही, दुसरं माणूस लागतं. हात मागे वळवून मी दिवाणखान्यात गोल गोल फिरले, मग तशीच जाऊन समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथली बाई माझ्या मुलीच्या वयाची. नवरा कुवेतला.

"या अल्ला! काकी, हे काय घातलंत?"

"माझ्या मुलीच्या गावात असंच नेसतात."

"चेन लावू? जीव गुदमरेल हां!"

"लाव गं. चिवट आहे माझा जीव."

खरं तर सूट एकदा घालून बघितला असता तरी पुरे होतं. पण दुपारची नमाज आटोपून ती रोज चेन लावायला यायची, मला पंख्याखाली उभी करून पोटभर हसायची, नंतर चहाला थांबायची. मी तिला 'सराव, सराव' म्हणून सांगत राहिले.

गळ्याची पट्टी मात्र फार घट्ट. डोकं बाहेर काढताना केस उपटून यायचे. मग हुशार बाईला बाजारातला कासार आठवला. बांगड्या चढेनात की तो हाताला तेल चोळतो. मी पट्टीला आणि मनगटांना खोबरेल चोपडलं. डोकं सुळकन बाहेर!

"काकी, काय आयडिया केलीत!" समोरची म्हणाली. मी फुगले आणि रोज चोपडत राहिले.

होळीच्या सुमारास ते रबर चिकट झालं, मऊ पडलं आणि एका दुपारी गळ्यापासून टर्रकन फाटलं.

"मी नाही ओढलं हां, काकी," ती घाबरून म्हणाली. त्या दिवशी चहा झाला नाही.

मुलीला सांगायची लाज वाटली. फोनवर म्हटलं, "मला आपला वेटसूटच बरा वाटतो."

"म्हणजे तू लगेच वर येऊन काठावर बसणार. चालेल तुला?"

"चालेल की."

"बरं," ती म्हणाली. नुसतं बरं.

फोन ठेवला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. काठावर तर मी पनवेलमध्येही बसलेच होते. त्यासाठी नॉर्वेपर्यंत कशाला जायचं?

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तो फाटका गळा सरळ तिच्यापुढे धरला. कासारासकट सगळं सांगून टाकलं.

"रबराला तेल? अगं आई, पावडर लावतात त्याला!" ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसायला लागली. हसू थांबलं तरी पुसतच होती. मग म्हणाली, "गळा काय, नवा बसवून मिळतो. पण मी वर्षभर पाण्यात उतरलेच नाहीये, आई. एकटीनं उतरायचं नसतं, आणि बरोबर यायला मला इथं कोणी नाही. तू येशील ना? तिकीट काढू?"